गहिवराचा सातबारा

अठरा वर्षं झाली, मी मुंबईत हिंदी-मराठी डबिंगचे संवाद लिहिते. सुरुवातीला लहान मुलांची कार्टून, मग दक्षिणेतले सिनेमे, आणि अलीकडे कोरियन, तुर्की, स्पॅनिश मालिका. पडद्यावरचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्याच वेळात, त्याच हालचालीत आपलं वाक्य बसवायचं, असं हे काम. माझ्याकडे येणाऱ्या कामातलं निम्म्याहून अधिक काम लोक ज्याला 'रडका सिनेमा' म्हणतात त्याचं असतं. ताटातूट झालेली मायलेकरं, तुरुंगात गेलेला निरपराध बाप, मुलांनी वाऱ्यावर सोडलेले म्हातारे. असल्या सिनेमांना बाळबोध आणि भडक म्हणणारी माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मी ते एकेका वाक्यासाठी वीस-वीस वेळा मागेपुढे करून पाहिले आहेत आणि विसाव्या खेपेलाही रडले आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. रडणाऱ्या माणसाला नावं ठेवण्याआधी ते कशाच्या नावानं रडतंय, ते विचारावं.

'माहेरची साडी' आला १९९१ साली. विजय कोंडके यांचा सिनेमा, अलका कुबल नायिका. आमच्या खटाव तालुक्यातल्या गावात त्याची हवा पोचायला वर्ष लागलं. मग एका रविवारी गावातल्या पंचवीसेक बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याच्या थिएटरला निघाल्या. मी नऊ वर्षांची, आजीच्या शेजारी पोत्यावर बसलेली.

आजी रडणारी बाई नव्हती. विंचू चावला तेव्हा 'चावला' एवढंच म्हणाली होती. थिएटरात मात्र भावाबहिणीचा प्रसंग आला की तिचं सगळं अंग हलायचं. मी घाबरून तिचा हात धरून बसले. परतताना ट्रॉलीत कुणीतरी म्हणालं, "आत्याबाई, येवढं काय रडायचं, शिनेमाच तर हाय." आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या साडीवर म्या साडेतीन एकर दिलं."

ट्रॉलीतल्या बायका गप्प झाल्या. मला काहीच कळलं नाही. कळायला पंचवीस वर्षं गेली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या जमिनीत मुलीलाही वाटा दिला. आजीचे वडील १९६३ साली गेले. तेव्हा तिचा भाऊ कागद घेऊन आला आणि आजीनं हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला. तलाठ्यानं फेरफार नोंदवला, सातबाऱ्यावर भावाचं एकट्याचं नाव राहिलं. महाराष्ट्रातल्या हजारो बहिणींनी हे केलं आहे. कुणी सांगितलं म्हणून, कुणी भांडण नको म्हणून, आणि बहुतेकींनी माहेर तुटू नये म्हणून. जमिनीच्या बदल्यात जे मिळायचं ते तोंडी ठरलेलं असायचं: दिवाळीला साडीचोळी, नागपंचमीला बोलावणं, बाळंतपण, आणि सासरी काही झालंच तर परत यायला एक दार. आजीचा भाऊ होता तोवर त्यानं ते पाळलं. तो गेल्यावर भाच्यांनी साडी बंद केली. त्याची दाद मागायची कुठे? ठरलं होतं ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

त्या दिवशी थिएटरात आजी अलका कुबलसाठी रडत होती, हे खरंच आहे. पण त्या अंधारात तिचा साडेतीन एकराचा हिशेबही उघडा पडला होता. आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवर, मला वाटतं, असे बरेच हिशेब होते.

हा सिनेमा मुळात मराठी नव्हे, हे मला फार पुढे कळलं. १९८८ सालच्या 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमावरून तो घेतला होता. त्यावरूनच १९९४ साली हिंदीत 'साजन का घर' झाला. राजस्थानात बहिणीच्या घरच्या लग्नात भाऊ 'मायरा' घेऊन जातो, बहिणीला चुनडी पांघरवतो. चुनडीची साडी व्हायला फारसं काही बदलावं लागलं नाही, कारण मागचा व्यवहार दोन्हीकडे एकच होता.

२. हुंदका मरणाला फुटत नाही, तो ताटाशी फुटतो.

हे मला एका कोरियन मालिकेनं शिकवलं. आईचा आवाज देणारी बाई या धंद्यात माझ्याआधीपासूनची. मालिकेत तिचा नवरा मरतो, ती छाती पिटून रडते. तो लूप, म्हणजे एका वेळी डब करायचा तुकडा, तिनं दोन टेकमध्ये, कोरड्या डोळ्यांनी संपवला आणि पाणी प्यायली. त्यानंतरचा लूप साधा होता. चार वर्षं न भेटलेला मुलगा मध्यरात्री दारात येतो. त्याच्यावर चिडलेली आई त्याच्याकडे न बघता एवढंच विचारते: शब्दशः सांगायचं तर, "भात खाल्लास का?" कोरियात हे रोजचं वाक्य आहे. ख्यालीखुशाली विचारायची ती अशीच. मी हिंदीत लिहिलं होतं, 'खाना खाया?'

तिला ते दोन शब्द म्हणता येईनात. तीन टेक झाले. चौथ्याला आवाज चिरकला आणि रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून हात वर केला. बाहेर येऊन ती म्हणाली, "माझे वडील फोनवर दुसरं काही बोलायचेच नाहीत हो."

तेव्हापासून मी लक्ष ठेवून असते. पाच-सहा भाषांतल्या सिनेमांत प्रेक्षकाला नेमकं कुठे भरून येतं, ते पाहिलं. माणूस मरतं तिथे डोळे कोरडे राहू शकतात. पण न मागता कुणी मायेनं वागलं, तुटलेलं पुन्हा जुळलं, ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्यानं पाठीवर हात ठेवला, की तिथे बांध फुटतो. मरणाचा प्रसंगही रडवतो तो बहुधा त्याच्या आधीच्या एखाद्या घासामुळे.

३. या भावनेला मराठीत आधीपासून शब्द आहे.

तो म्हणजे गहिवर. दुःखही नाही, आनंदही नाही. ऊर भरून येतो, कंठ दाटतो, अंगावर काटा येतो, डोळे पाणावतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ ॲलन फिस्के आणि ऑस्लोतले त्यांचे सहकारी बरीच वर्षं याच भावनेचा अभ्यास करताहेत. रोजच्या भाषांतले शब्द जो तो वेगळ्या अर्थानं वापरतो, म्हणून त्यांनी तिला संस्कृतातून नाव दिलं: काममूत, म्हणजे प्रेमानं हललेला. १९ देशांत, १५ भाषांतून त्यांनी लोकांना विचारलं. त्यावरचा निबंध २०१९ साली आला. छातीत ऊब, घशात आवंढा, शहारा आणि आसवं हा संच देशोदेशी एकत्रच आढळला. आपुलकी अचानक दाटून आली की तो उठतो, असं त्यांचं म्हणणं.

मी ते वाचलं तेव्हा मला भरताचं नाट्यशास्त्र आठवलं. त्यानं आठ सात्त्विक भाव मोजले आहेत. अश्रू, रोमांच आणि स्वरभेद हे त्यातलेच तीन. स्वरभेद म्हणजे त्या बाईंचा चौथा टेक.

४. शेवट ठाऊक असतो म्हणूनच माणसं येतात.

'पुढे काय होणार ते पहिल्या दहा मिनिटांतच कळतं' हा या सिनेमांवरचा नेहमीचा आक्षेप. आमच्या गावच्या सप्ताहात बुवा हरिश्चंद्राचं आख्यान लावायचे. तारामती, रोहिदास, डोंबाघरचं पाणी, स्मशान, सगळं पोराटोरांनाही पाठ. बुवांनी 'रोहिदास' म्हणायचा अवकाश, बायका पदर तोंडाला लावायच्या. फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी आपला पहिला सिनेमा दाखवला, तोही 'राजा हरिश्चंद्र'च. आपला सिनेमा जन्मला तोच अशा गोष्टीतून, जिचा शेवट प्रत्येकाला ठाऊक होता.

पुढचं ठाऊक असलं की मन सैल सोडता येतं. दगा होणार नाही याची खात्री असल्याशिवाय माणूस चारचौघांत रडत नाही.

५. कथा एक असली तरी प्रत्येक देश आपल्याच जखमेवर रडतो.

'मिरॅकल इन सेल नंबर सेव्हन' हा कोरियन सिनेमा २०१३ चा. जेमतेम पाच कोटींच्या देशात त्याची सव्वा कोटीहून अधिक तिकिटं खपली. बुद्धीनं लहान राहिलेला एक बाप, त्याची चुणचुणीत मुलगी. पोलीस आयुक्ताच्या मुलीच्या मृत्यूचा आळ त्याच्यावर येतो, फाशीची शिक्षा होते, आणि कोठडीतले कैदी त्याच्या मुलीला चोरून आत आणतात. पुढे याचे फिलिपाइन्स, तुर्कस्तान, इंडोनेशियात अवतार झाले. कोरियन आणि तुर्की असे दोन्ही सिनेमे मी शेजारी शेजारी लावून पाहिले. दोन्हींचं डबिंग माझ्याकडे नव्हतं, मला फक्त शिकायचं होतं.

कोरियन मुलीला हवं असतं 'सेलर मून'चं पिवळं दप्तर. तुर्की मुलीला हवं असतं हायडीचं. हायडी म्हणजे डोंगरात आजोबांजवळ वाढलेली पोर. तुर्की सिनेमातली मुलगीही डोंगराकडच्या गावात आजीजवळ वाढते. तुर्की लेखकानं नुसतं दप्तर बदललं नाही, त्याच्या आतलं घरही बदललं.

खरा फरक शेवटात आहे. कोरियन गोष्ट घडते १९९७ सालात. दक्षिण कोरियात शेवटच्या फाशी दिल्या गेल्या त्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात. सिनेमात बाप फासावर जातो. मुलगी मोठी होऊन वकील होते आणि अभिरूप खटल्यात मेलेल्या बापाला निर्दोष ठरवते. तिला हवा असतो तो निकाल. तुर्की गोष्ट घडते १९८३ साली, लष्करी अमलात, आणि मेलेली मुलगी लष्करी अधिकाऱ्याची आहे. त्या वर्षांत तिथे खरोखर फाशी दिल्या जात होत्या, शेवटची १९८४ साली. तुर्की सिनेमानं बापाला मरू दिलं नाही. ज्याच्या हातून स्वतःची मुलगी गेली आहे असा एक म्हातारा कैदी त्याच्या जागी फासावर जातो आणि बापलेक देश सोडून निघून जातात. तिथे कुणी निकाल मागत नाही. एक माणूस वाचला, एवढ्यासाठी तिथले प्रेक्षक रडतात.

यावर मी खूप विचार केला. कोर्टाकडून उशिरा का होईना न्याय मिळेल असं ज्यांना वाटतं, त्यांचं रडणं एक, आणि निसटणं हाच न्याय हे ज्यांनी सोसलं आहे, त्यांचं वेगळं.

६. म्हाताऱ्या आईबापांची गोष्ट कुठल्याच देशाची एकट्याची नाही.

१९३७ साली लिओ मॅककेरीनं अमेरिकेत 'मेक वे फॉर टुमारो' केला. घर बँकेनं घेतलेलं म्हातारं जोडपं, पाच मुलं, आणि दोघांना एकत्र ठेवायला कुणाकडेच जागा नाही. शेवटी स्टेशनावर ते एकमेकांचा निरोप घेतात, बहुधा कायमचा. शेवट गोड करा असा स्टुडिओचा आग्रह होता. मॅककेरीनं ऐकलं नाही आणि सिनेमा पडला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, विनोदी सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा चुकीच्या सिनेमाला दिलंत असं तो बोलून गेला. अमेरिकेत निवृत्तिवेतनाचा कायदा १९३५ साली झाला होता, पण मासिक रक्कम लोकांच्या हातात पडू लागली १९४० साली. हा सिनेमा त्या मधल्या फटीतला.

मराठीत राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' आला १९५४ साली: निवृत्त मास्तर, त्यांची बायको, मुलांनी वाटून घेतलेले आईबाप. त्याच वळणाचा 'स्कूल मास्टर' १९५८ साली कन्नडमध्ये, पुढे संजय सूरकरांचा 'तू तिथे मी' १९९८ साली, आणि २००३ साली हिंदीत 'बागबान'. 'बागबान'मधला बाप पुस्तक लिहून नाव कमावतो आणि भरल्या सभेत मुलांना सुनावतो. आपल्या प्रेक्षकाला स्टेशनावरचा निरोप पुरत नाही. त्याला सभा हवी असते, सगळ्यांच्या देखत ऐकवलेला शब्द हवा असतो. मला स्वतःला मॅककेरीचं स्टेशन जास्त खरं वाटतं. पण 'बागबान'च्या त्या भाषणाच्या वेळी आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ टीव्हीसमोर उभे राहिले होते, तेव्हा 'हे खोटं आहे' असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आईबापांच्या पोटगीचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, २००७ साली झाला.

७. भाषा कळत नसली तरी नातं कळतं.

'आवारा' १९५४ साली सोव्हिएत संघात लागला आणि सहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. पोटच्या पोराला न ओळखणारा न्यायाधीश बाप, बापाविना रस्त्यावर वाढलेला पोरगा. महायुद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. त्यात त्या देशानं सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावली होती. बाप नसलेल्या पोरांची एक सबंध पिढी तेव्हा वयात येत होती. त्यांना राज कपूर परका का वाटावा?

नायजेरियातल्या कानो शहरात हौसा भाषक मुसलमान हिंदी सिनेमे किती जीव लावून पाहतात, यावर ब्रायन लार्किन या अभ्यासकानं १९९७ साली लिहिलं. वडीलधाऱ्यांचा मान, घरच्यांनी ठरवलेलं लग्न आणि मनातलं माणूस यांच्यातली ओढाताण त्यांना हॉलीवूडपेक्षा आपल्या सिनेमात जास्त ओळखीची वाटली.

माझ्या कामातही हे दिसतं. कोरियन मूल बापाला 'अप्पा' म्हणतं. आमच्या गावात निम्मी पोरं तेच म्हणतात. ओठ जुळतात, स्वर जुळतो, मला काही करावंच लागत नाही. तुर्की 'आन्ने' म्हणताना ओठ मिटत नाहीत, म्हणून तिथे मराठी 'आई' अचूक बसते. कोरियन 'ओम्मा'त मात्र ओठ मिटतात, तिथे 'आई' चालत नाही. आमच्याकडे येते ती मधली इंग्रजी स्क्रिप्ट. तिच्यात हे सगळं पुसलेलं असतं. तुर्की आई लेकराला म्हणते त्याचा अर्थ 'तुझ्यासाठी माझा बळी जावो'. इंग्रजीत त्याचं 'डिअर' झालेलं असतं. मी मूळ आवाज ऐकते आणि लिहिते, 'तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन'. इंग्रजीच्या वाटेनं आलेली माया मराठीच्या दारात पुन्हा मूळ रूपात उभी राहते. तो माझ्या कामातला सगळ्यात सुखाचा क्षण.

८. रडून झालं की कागद मागावा.

या सिनेमांवर माझं प्रेम आहे, म्हणून त्यांचा दोषही मीच सांगते. ते माणसाला दोष देतात आणि व्यवस्थेला सोडून देतात. खाष्ट सासू, स्वार्थी सून, नालायक मुलगा. आजीच्या गोष्टीत यातलं कुणी नव्हतं. तिचा भाऊ चांगला होता. वाईट होता तो रिवाज, आणि त्यावर सिनेमा कुणी काढला नाही. डोळे पुसून घरी आलेल्या बाईला वाटतं, आपला भाऊ तसा नाही, म्हणजे आपलं बरं चाललंय.

माझे वडील गेल्यावर २०१९ साली माझ्यापुढेही हक्कसोडपत्र आलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला होता, देशभर तो २००५ साली आला. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी पेन हातात घेतलं होतं. मग ट्रॉलीतली आजी आठवली. मी सही केली नाही. दादा काही बोलला नाही, त्यानं वारसनोंदीत माझं नाव लागू दिलं. आता सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि दिवाळीला साडी येत नाही. मला दोन्ही हवं होतं.

९. पडद्याशी बोलणाऱ्या माणसाला गप्प करू नये.

आई सध्या माझ्याकडे आहे. कोरियन मालिकेचे भाग बघते. त्यातले संवाद मी लिहिलेत हे तिला सांगितलं होतं, ती विसरली. परवा तोच प्रसंग लागला: मध्यरात्र, दार, मुलगा, आणि आईचं 'खाना खाया?'

"कुठलं खातोय," आई पडद्याला म्हणाली. "सकाळधरनं उपाशी हाय त्यो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. भाग संपला, नावं वर सरकू लागली, तरी ती तिकडेच बघत होती. मग म्हणाली, "दादाला फोन लाव. जेवला का इचार."

मी फोन लावला आणि तिच्या हातात द्यायला गेले. तिनं घेतला नाही.